सहलीचा हिशेब दारापासून दारापर्यंत

दिवाळीच्या सुट्टीचे बेत घरोघरी सुरू झाल्यामुळे या खेपेला आलेली बहुतेक पत्रे सहलीच्या खर्चाविषयीची आहेत. एकसारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे प्रथेप्रमाणे वगळून केवळ नाशिकमधील वस्तीचा उल्लेख ठेवला आहे. उत्तरांत ‘समजा’ म्हणून दिलेले दर हिशेबाची रीत कळावी एवढ्यापुरतेच आहेत. चालू दर प्रत्येकाने त्या त्या ठिकाणी विचारून घ्यावेत.

प्रश्न (इंदिरानगर) : आम्ही घरातील सहा माणसे तीन दिवसांसाठी वेरूळ-अजिंठ्याला जाणार आहोत. सासरे ७७ वर्षांचे, सासूबाई ७० वर्षांच्या, मुलगी १३ वर्षांची आणि मुलगा ९ वर्षांचा आहे. ओळखीच्या गाडीवाल्याने सात आसनी गाडीचा दर किलोमीटरला १८ रुपये सांगितला आहे. यजमानांना तो वाजवी वाटतो. सासूबाई म्हणतात, एसटी असताना एवढा खर्च कशाला? कोणाचे ऐकावे?

उत्तर : दर वाजवी आहे की नाही हे १८ या आकड्यावरून ठरत नाही, कारण बाहेरगावच्या भाड्यात गाडी जेवढी धावेल तेवढ्याचेच पैसे घेण्याची पद्धत नाही. बहुतेक गाडीवाले दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरतात आणि अंतर त्यांच्या दारातून गाडी निघाल्यापासून ती दारात परत येईपर्यंत मोजतात. नाशिकहून छत्रपती संभाजीनगर सुमारे १८५ किलोमीटर, तेथून अजिंठा शंभरेक आणि वेरूळ तीसेक किलोमीटर, म्हणजे सगळे जाऊन-येऊन ६३० किलोमीटरांच्या आसपास होते. समजा त्याने दिवसाला ३०० धरले, तर तीन दिवसांच्या ९०० किलोमीटरांचे १६,२०० रुपये होतात. प्रत्यक्ष धावेचे ११,३४० झाले असते. मधले ४,८६० रुपये तुम्ही न धावलेल्या गाडीसाठी देणार आहात. त्यावर चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग निराळे. म्हणून गाडीवाल्याला दर विचारण्याआधी ‘दिवसाला किमान किती धरता आणि मीटर कोठून सुरू करता’ हे विचारावे, आणि मिळालेले उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावे. ओळखीच्या माणसाकडून तर ते आवर्जून घ्यावे, कारण नंतर वाद घालण्याची अडचण ओळखीतच जास्त असते.

आता सासूबाईंची बाजू पाहू. राज्य परिवहनच्या गाड्यांत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना तिकिटात पन्नास टक्के सवलत आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे तिकीट मुळातच अर्धे असते. तुमच्या घराला हे लावून पाहा. सासऱ्यांचे तिकीट नाही. सासूबाई, तुम्ही, मुलगी आणि मुलगा यांचे अर्धे. पूर्ण तिकीट काढावे लागेल ते फक्त यजमानांना. सहा माणसे तीन तिकिटांच्या पैशांत संभाजीनगरला पोहोचतात. सासूबाईंना महिला म्हणून आणि ज्येष्ठ म्हणून अशा दोन सवलती एकावर एक मिळणार नाहीत, आणि सासऱ्यांचे आधार कार्ड हाताशी हवे, एवढेच ध्यानात ठेवावे. रेल्वेनेच जायचे असल्यास नाशिकरोडहून तपोवन एक्स्प्रेससारख्या गाड्या मनमाडमार्गे थेट संभाजीनगरला जातात. पण वयाची सवलत तेथे नाही, हे पुढच्या उत्तरात येईल.

तेव्हा नाशिक ते संभाजीनगर एवढ्या प्रवासापुरते सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे. पुढे मात्र यजमानांचे ऐकावे. वेरूळसाठी तेथलीच गाडी ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ या ठरलेल्या भाड्याने करावी. जाण्यायेण्याचे साठेक किलोमीटर त्यात बसतात आणि वाटेवरचा देवगिरी किल्लाही होतो. अजिंठ्याला जळगावकडे जाणारी एसटी फर्दापूरच्या तिठ्यावर उतरवते, आणि एरवी तोच सर्वांत स्वस्त मार्ग आहे. परंतु दिवाळीच्या गर्दीत परतीची गाडी भरून आली, तर ७७ वर्षांच्या माणसाला दोन तास उभे राहावे लागेल, आणि तेवढ्यासाठी पैसे वाचवू नयेत. त्या दिवशीही गाडीच करावी. इतके मात्र जाणून असावे की खासगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. ती तिठ्यावरच थांबवतात आणि पुढच्या चारेक किलोमीटरांसाठी सर्वांना एसटीच्या बसचे तिकीट काढावे लागते. वर चढण्यासाठी डोलीवाले मिळतात. भाव खालीच, आणि जाऊन-येऊनचा, ठरवावा.

या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट वाराची आहे. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. रविवारी निघून मंगळवारी परतण्याचा बेत जुळवणाऱ्या कुटुंबाला या दोन्ही सुट्ट्या बरोबर मध्ये येतात आणि उभ्या गाडीचे भाडे भरावे लागते. बुधवारी निघावे. दोन्ही ठिकाणी भारतीयांना प्रवेश ४० रुपये आहे आणि १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, त्यामुळे तुमच्या दोन्ही मुलांचा प्रवेश विनामूल्य आहे.

प्रश्न (नाशिकरोड) : मे महिन्यात दिल्लीमार्गे हिमाचलला जाण्यासाठी आम्ही जाण्याचे तिकीट वेळेत काढले. परतीचे प्रतीक्षायादीत राहिले आणि अखेरपर्यंत निश्चित झाले नाही. शेवटच्या क्षणी विमानाने यावे लागले. शिवाय स्वस्त मिळते म्हणून पैसे परत न मिळणाऱ्या अटीवर घेतलेल्या हॉटेलची एक रात्रही फुकट गेली. असा भुर्दंड टाळण्यासाठी काय करता येते?

उत्तर : आगाऊ आरक्षणाची मुदत पूर्वी १२० दिवसांची होती. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती ६० दिवसांवर आणली आहे, आणि प्रवासाचा दिवस त्यात धरला जात नाही. याचा साधा अर्थ असा की दहा दिवसांच्या सहलीत परतीच्या तिकिटाची खिडकी जाण्याच्या तिकिटानंतर दहा दिवसांनी उघडते. बहुतेक घरांत जाण्याच्या तिकिटासाठी सकाळी आठच्या ठोक्याला सगळे मोबाइल घेऊन बसतात, तिकीट मिळाले की पेढे वाटल्यासारखे सर्वांना कळवतात आणि परतीचा दिवस विसरतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन्ही तारखांना खूण करावी, आणि परतीच्या तारखेची खूण अधिक ठळक असावी, कारण सुट्टी संपताना सगळेच एकाच वेळी घरी निघतात.

दुसरी गोष्ट आपल्या स्थानकाची आहे. नाशिकरोडवरून जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या मुंबईहून सुटतात आणि त्यांतील आसनांचा मोठा कोटा सुरुवातीच्या स्थानकाच्या नावावर असतो. नाशिकरोडहून प्रतीक्षायादी दिसत असताना मुंबईहून त्याच गाडीत जागा शिल्लक असल्याचे अनेकदा आढळते. अशा वेळी तिकीट मुंबईपासूनचे काढून ‘बोर्डिंग’ नाशिकरोड असे नोंदवता येते. भाडे थोडे वाढते, पण शयनयान किंवा तृतीय वातानुकूलित वर्गात तो फरक तत्काळच्या जादा आकारापेक्षा पुष्कळदा कमी असतो, आणि तिकीट निश्चित असते. बोर्डिंग मात्र गाडीचा आरक्षण-तक्ता तयार होण्याआधी बदललेले असावे. तसे न करता नाशिकरोडला चढल्यास तपासनीस ती जागा दुसऱ्याला देऊ शकतो.

ऑनलाइन काढलेले तिकीट तक्ता लागल्यावरही प्रतीक्षायादीतच राहिले, तर ते आपोआप रद्द होते, किरकोळ कपात होऊन पैसे परत येतात आणि त्या तिकिटावर गाडीत चढता येत नाही. ‘चढू, मग पाहू’ हा जुना रिवाज आता दंडाचे कारण ठरतो. तत्काळवर सगळी भिस्त ठेवणेही बरे नव्हे. वातानुकूलित वर्गासाठी आदल्या दिवशी सकाळी दहाला आणि इतर वर्गांसाठी अकराला तत्काळ सुरू होते, जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खाते आधारशी पडताळलेले असावे लागते, आणि निश्चित झालेले तत्काळ तिकीट आपण रद्द केल्यास परतावा मिळत नाही. खाते पडताळण्याचे काम आजच उरकावे. आदल्या रात्री ते करायला बसलेल्या माणसाला ओटीपी वेळेवर येईलच असे नाही.

ज्येष्ठांविषयी अनेकांचा अजून गैरसमज आहे. रेल्वेभाड्यातील ज्येष्ठ नागरिक सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. खालच्या बर्थचा कोटा तेवढा शिल्लक आहे. तो ६० वर्षांवरील पुरुषांना आणि ४५ वर्षांवरील महिलांना मिळतो, पण एका तिकिटावर असे दोनच प्रवासी असावेत. घरातील सहा जणांचे एकच तिकीट काढले की आजी-आजोबांचा खालचा बर्थ नशिबावर जातो. त्यांचे तिकीट निराळे काढावे.

ऐनवेळी घरातील एखाद्याला जाता आले नाही, तर तिकीट रद्द करण्याची घाई करू नये. निश्चित तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांच्या नावावर एकदा बदलून मिळते. गाडी सुटण्याच्या किमान २४ तास आधी नाते सिद्ध करणाऱ्या कागदासह आरक्षण केंद्रावर लेखी अर्ज द्यावा लागतो. नियम जुना आहे, तरी खिडकीपाशी उभ्या असलेल्यांपैकी फार थोड्यांना तो ठाऊक असतो.

हॉटेलच्या बाबतीत तुमचे पत्रच पुरेसे बोलके आहे. परतावा न मिळणाऱ्या खोलीत जेवढे वाचतात त्याच्या कितीतरी पट एका चुकलेल्या रात्रीत जातात. दोन्ही बाजूंची तिकिटे निश्चित होईपर्यंत खोली रद्द करता येईल अशाच अटीवर घ्यावी आणि त्यानंतर हवे तर स्वस्त दर शोधावा.

प्रश्न (गंगापूर रोड) : बंगळूरुला मुलाकडे जायचे आहे. नाशिकच्या ओझर विमानतळावरून थेट विमान आहे. पण मुंबईहून माणशी बाराशे रुपयांनी स्वस्त दिसते. आम्ही चौघे आहोत. मुंबईच परवडेल ना?

उत्तर : कागदावर परवडते. चौघांचे जाऊन-येऊन ९,६०० रुपये वाचतात. आता गंगापूर रोडवरील तुमच्या दारातून निघून पाहा. मुंबईचे विमानतळ सुमारे १७० किलोमीटरांवर आहे. समजा एका फेरीला गाडीचे भाडे टोलसह ४,००० रुपये पडले, तर दोन फेऱ्यांचे ८,००० झाले. घाटातील आणि भिवंडीजवळच्या कोंडीचा भरवसा नाही म्हणून दोन-तीन तास आधी निघावे लागते, म्हणजे वाटेत चौघांचे खाणे, विमानतळावरचा चहा, आणि पहाटेचे विमान असेल तर मध्यरात्री केलेला प्रवास. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. ओझर नाशिक शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. तेथून थेट सेवा असलेल्या शहरांसाठी तीन-चार माणसांच्या कुटुंबाने ओझरच धरावे.

एकट्या माणसाचा हिशेब मात्र उलटा निघतो. तो पंचवटी एक्स्प्रेसने किंवा एसटीने थोड्या पैशांत मुंबईला जातो, आणि तेवढ्या खर्चात बाराशेंपैकी बरेचसे खरोखर त्याच्या पदरात राहतात. म्हणून ‘अमक्याला मुंबईहून स्वस्त पडले’ हे ऐकल्यावर तो एकटा होता की कुटुंबासह, हे आधी विचारावे.

सामानाचे वजन घरीच करावे. देशांतर्गत विमानांत साधारणपणे माणशी १५ किलो सामान आणि हातात ७ किलो चालते. मुलाकडे जाताना चिवडा, लोणची आणि पापडांनी ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि जादा वजनाचे पैसे खिडकीवर भरण्यापेक्षा आधी ऑनलाइन भरलेले बरेच स्वस्त पडतात. आणखी एक : ‘परतावा नाही’ असे लिहिलेले विमानतिकीट रद्द झाले, तरी कर आणि विमानतळाची शुल्के प्रवाशाला परत द्यावी लागतात, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. मागितल्याशिवाय विमान कंपन्या हे पैसे आठवणीने देतीलच असे नाही, मागावेत.

प्रश्न (सिडको) : राजस्थानच्या आठ दिवसांच्या सहलीची दोन पत्रके समोर आहेत. ठिकाणे सारखीच, पण एक माणशी सहा हजारांनी स्वस्त. स्वस्तातले घ्यावे का?

उत्तर : तुम्ही पाठवलेली दोन्ही पत्रके पेन्सिल घेऊन वाचली. स्वस्त पत्रकात जयपूरच्या दिवशी हवामहल, सिटी पॅलेस आणि जंतरमंतर ही तीन नावे आहेत, आणि त्यापुढे बारीक अक्षरांत ‘बाहेरून’ असा शब्द आहे. महाग पत्रकात त्याच जागी ‘प्रवेश शुल्कासह’ असे लिहिलेले आहे. जैसलमेरला स्वस्त पत्रकात उंटसवारी आणि वाळवंटातील जीपसफारी ‘ऐच्छिक’ आहे. घरून इतक्या लांब गेल्यावर मुलांना ती नको म्हणणारे आईवडील विरळा, म्हणजे तो खर्च ठरलेलाच समजावा. पहिल्या दिवशी फक्त संध्याकाळचे आगमन आणि आठव्या दिवशी फक्त न्याहारी आहे, त्यामुळे पाहण्याचे दिवस सहाच उरतात. हे मात्र दोन्ही पत्रकांत सारखेच आहे. दुपारचे जेवण एकात आहे, दुसऱ्यात नाही. समजा माणशी ३०० रुपये धरले तर सहा दिवसांचे १,८०० येथेच गेले. स्वस्त पत्रकात ५ टक्के जीएसटी वेगळा आहे. चालक आणि व्यवस्थापक यांची बक्षिशी दोन्हीकडे ‘प्रवाशांच्या इच्छेवर’ सोडली असली, तरी तिचा आकडा बसमध्ये सांगितला जातोच.

हे सगळे मांडले की सहा हजारांचा फरक दीड-दोन हजारांवर येतो, आणि उरलेला फरक हॉटेलच्या जागेत असतो. स्वस्त सहलीत हॉटेले शहराबाहेर, महामार्गावर आहेत. संध्याकाळी साडेसहाला तेथे सोडल्यावर बाजारात जायचे तर रिक्षा करावी लागते आणि ती शहरात जाण्याचे मनाला येईल तेवढे मागते. महाग सहल चांगलीच असते असे मुळीच नाही. पण दोन पत्रकांची तुलना किमतीवर न करता, प्रत्येक पत्रकातून वगळलेल्या गोष्टींची यादी करून आणि तिची किंमत त्यात मिळवून मगच करावी. विक्री प्रतिनिधीला फोनवर ‘आणखी काय काय भरावे लागेल’ असे विचारून उपयोग होत नाही. ‘अमुक ठिकाणी आत नेणार का’ असे एकेक नाव घेऊन विचारले की उत्तर हो किंवा नाही एवढेच देता येते.

तुमच्या पत्रात मुले नोकरीला लागल्याचा उल्लेख आहे. तसे असेल तर शाळेच्या सुट्टीशी तुम्हाला काय कर्तव्य? दिवाळीचा आठवडा टाळून सुट्टी संपल्यावर, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात निघाल्यास राजस्थानातील हवा अधिक चांगली असते आणि तीच खोली कमी दरात मिळते. सहलीत सर्वांत मोठी बचत तारखेत होते, कूपनात नव्हे. आणि ती ज्यांना सहज करता येते, अशी निवृत्त किंवा मुले मोठी झालेली माणसेच सवयीने शाळेच्या सुट्टीत प्रवासाला निघतात, हे कोडे मला उलगडलेले नाही.

परदेश सहलीबाबत विचारलेल्या जोडप्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे की सहलीच्या रकमेवर कापला जाणारा टीसीएस, म्हणजे सहल कंपनीने आगाऊ वसूल केलेला प्राप्तिकर, हा वाया गेलेला खर्च नसतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून किंवा परत मिळतो. सेवानिवृत्तांपैकी अनेक जण विवरणपत्र भरत नाहीत म्हणून ही रक्कम सोडून देतात. तसे करू नये.

प्रश्न (सातपूर) : रात्रीच्या रेल्वेने गेल्यास एका मुक्कामाचे भाडे वाचते असे सगळे सांगतात. आमचा अनुभव वेगळा आहे. सकाळी सहाला पोहोचलो, हॉटेलने खोली दुपारी दोनला मिळेल म्हणून सांगितले आणि आधी हवी तर अर्ध्या दिवसाचे भाडे मागितले. यात वाचले काय?

उत्तर : काहीच नाही, आणि तुमच्यासारखे पुष्कळ जण आहेत. रात्रीचा प्रवास तेव्हाच स्वस्त पडतो, जेव्हा पहाटे पोहोचल्यावर अंघोळ आणि सामान यांची सोय हॉटेलशिवाय होते. मोठ्या स्थानकांवर रेल्वेच्या विश्रांती कक्षांत खोली किंवा डॉर्मिटरीतील खाट काही तासांसाठी मिळते; निश्चित तिकिटाचा पीएनआर टाकून ती ऑनलाइन आधीच घेता येते. सामान क्लोकरूममध्ये ठेवावे (पिशव्यांना कुलूप असल्याखेरीज ते घेत नाहीत, म्हणून छोटी कुलुपे घरूनच न्यावीत) आणि सकाळचे गार तास पाहण्यात घालवून दुपारी दोनला थेट खोलीवर जावे. लहान मूल किंवा वृद्ध बरोबर असतील तर हा खटाटोप करू नये. दिवसाच्या गाडीने जाऊन संध्याकाळी पोहोचावे.

खोली ठरवताना संकेतस्थळावर दर पाहिल्यावर एकदा हॉटेललाच फोन करावा. दलाली वाचत असल्याने पुष्कळदा ते न्याहारी तरी देतात, किंवा खोली सकाळी लवकर देण्याचे कबूल करतात. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के झाला आहे. सांगितलेला दर करासह आहे का, हे तेव्हाच विचारावे.

खाण्यापिण्याचे म्हणाल, तर उपाहारगृहाच्या बिलातील सेवा शुल्क ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम केली. सेवा आवडली नसेल तर ती ओळ काढायला शांतपणे सांगावे. रेल्वेतील ‘रेल नीर’ची एक लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना आहे. विक्रेता वीस घेऊन पुढे जातो आणि सुट्ट्या पैशांसाठी कोणी थांबवत नाही. चार माणसांच्या दोन दिवसांच्या प्रवासात हे पैसे थोडे नसतात. पण खरे सांगायचे तर घरून मोठी बाटली नेणे हाच त्यावरचा सोपा उपाय.

प्रश्न (जेल रोड) : कोकणात जाण्यासाठी नाशिकहून मुंबईला जाऊन गाडी बदलावीच लागते का? आणि राहायला घरगुती सोय बरी की रिसॉर्ट?

उत्तर : बदलावीच लागते असे नाही. दिल्लीहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते आणि कल्याण, पनवेलमार्गे रत्नागिरी व मडगावला जाते. मुंबईत सामान घेऊन एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर जाण्याचा टॅक्सीखर्च त्यामुळे वाचतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, त्यामुळे त्या दिवसांत वेळ नव्याने पाहावी.

दोन दिवस समुद्रावर बसायचे असेल तर घरगुती निवास. एकच अट आहे : जेवण आदल्या दिवशी सांगावे. कोकणातील घरात दहा माणसांचा स्वयंपाक तयार ठेवलेला नसतो. सुरमईचे ताट हवे की साधे, किती माणसे, किती वाजता, हे सांगितले तर त्या दिवशीच्या मासळीप्रमाणे रास्त भावात जेवण मिळते. दुपारी एकला जाऊन ‘काय आहे’ विचारले तर जवळचे हॉटेल शोधावे लागते आणि तेथे पर्यटकांचे दर असतात. मोदक हवे असतील तर नगावर भाव विचारून घ्यावा, कारण पोरे मोजून खात नाहीत.

प्रश्न (पंचवटी) : केदारनाथच्या हेलिकॉप्टरचे तिकीट देतो म्हणून एकाने अर्धी रक्कम आगाऊ मागितली आहे. द्यावी का?

उत्तर : देऊ नये. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचे आरक्षण आयआरसीटीसीच्या ‘हेलियात्रा’ या अधिकृत संकेतस्थळावरच होते आणि चारधाम यात्रेची नोंदणी विनामूल्य असते. हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळे दर हंगामात निघतात. शोधयंत्रात सर्वांत वर दिसते म्हणून एखादे पान खरे मानू नये, कारण जाहिरातही वरच दिसते. पैसे गेलेच तर लाजेखातर दोन दिवस गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते, आणि त्यासाठी सुरुवातीचे काही तासच हाताशी असतात.

प्रश्न (देवळाली कॅम्प) : फास्टॅगचा वार्षिक पास घ्यावा का? आम्ही महिन्यातून एकदा पुण्याला लेकीकडे जातो आणि वर्षातून एकदा नागपूरला.

उत्तर : पुण्यासाठी घ्यावा, नागपूर हिशेबातून वगळावे. ऑगस्ट २०२५ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा पास ३,००० रुपयांचा होता आणि त्यात एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल ते, असे धोरण आहे. एक टोलनाका ओलांडला की एक फेरी मोजली जाते आणि परतताना तोच नाका दुसरी फेरी होतो. पास फक्त राष्ट्रीय महामार्गांवर आणि खासगी मोटारींनाच चालतो. नाशिक-पुणे हा राष्ट्रीय महामार्ग असल्याने महिन्याच्या तुमच्या फेऱ्यांचा टोल वर्षभराचा मांडून पासच्या किमतीशी ताडून पाहावा. दर महिन्याला जाणाऱ्या कुटुंबाला तो बहुधा फायद्याचा ठरतो. नागपूरला तुम्ही समृद्धी महामार्गाने जाणार असाल, तर तो राज्याचा रस्ता आहे. तेथे हा पास चालत नाही आणि टोल नेहमीप्रमाणे फास्टॅगच्या शिलकीतून अंतराच्या हिशेबाने कापला जातो, त्यामुळे निघण्यापूर्वी खात्यात पुरेशी रक्कम ठेवावी. पास गाडीच्या क्रमांकाशी बांधलेला असतो. जावयाच्या गाडीला तो लावता येणार नाही.